काचपेटीतला पहिला मासा

हल्ली तालुक्याच्या गावीसुद्धा रंगीत माशांचे दुकान दिसू लागले आहे. जत्रेतही पाण्याने भरलेल्या पिशव्यांतून दोन-दोन मासे विकायला टांगलेले असतात. घरातले मूल हट्ट धरते. बाप काचेची पेटी आणतो, तळाशी धुतलेले पांढरे खडे अंथरतो, नळाचे स्वच्छ पाणी भरतो आणि त्याच संध्याकाळी त्यात मासे सोडतो. पहिले दोन दिवस कौतुकात जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि आठवडा उलटायच्या आत पोट वर करून तरंगताना दिसतात. मग घरात चर्चा होते. कोणी म्हणते, मासे मुळातच आजारी होते. कोणी म्हणते, पोराने खाणे जास्त घातले. एखादी आजीबाई दृष्ट लागली म्हणते. पोर मात्र काही बोलत नाही, पेटीपाशी बसून राहते.

खरे कोडे याच्या पुढचे आहे. गावाबाहेरच्या तळ्याचे पाणी हिरवट असते, तळाशी चिखल असतो, म्हशी त्यात डुंबतात, आणि तरी तिथला मासा वर्षानुवर्षे मजेत जगतो. इथे माणसाने प्यावे इतके निर्मळ पाणी, आणि त्यात मासा मरतो! असे का व्हावे? हा प्रश्न पोरासोरांचा वाटतो खरा. पण युरोपातल्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना त्याने बुचकळ्यात टाकले होते. त्याच्या उत्तराचा अर्धा भाग एका बापाच्या हाती लागला. उरलेला अर्धा त्याच्या मुलाच्या हाती लागला, पण तो घरात नव्हे, शेतात. आणि हे दोन अर्धे एकमेकांना जोडले जायला पुढे कित्येक दशके जावी लागली. ती हकीकत आज आपल्याला पाहावयाची आहे.

मासे पाळण्याची हौस फार जुनी. चीनमध्ये सुंग राजवटीत, म्हणजे इसवी सन ९६० ते १२७९ या काळात, साध्या करड्या माशांतून निपजलेले सोनेरी-तांबूस मासे वेगळे काढून तळ्यांत वाढवीत. पुढे मिंग राजवटीत ते घरात, चिनी मातीच्या मोठ्या पात्रांत आले. आपल्या दख्खनेतही कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर हा राजा बाराव्या शतकात होऊन गेला. त्याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरणच आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्यांना काय खाऊ घालावे, गळाने ते कसे धरावेत, हे सारे राजाने त्यात सांगितले आहे. पण ही झाली तळ्याकुंडांची गोष्ट. तळे मोठे असते, त्याला तळाची माती असते, काठची वनस्पती असते, वरून वारा वाहत असतो. तिथे माशाचा संसार निसर्गच सांभाळतो.

मासा काचेत आला आणि अडचण सुरू झाली. १६६५ साली लंडनमध्ये सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्याने काचेच्या भांड्यातल्या पाण्यात ठेवलेले परदेशी मासे एका घरी पाहिले, आणि हे मासे असेच कायम जगतात असे ऐकून आपल्या रोजनिशीत मोठ्या नवलाने टिपून ठेवले. कायम जगणे कसले! अशा भांड्यांतला मासा जगवायचा तर एकच उपाय ठाऊक होता. वरचेवर पाणी ओतून द्यायचे आणि ताजे भरायचे. हे का करावे लागते, ते मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

पहिला धागा हाती आला तो हवेच्या अभ्यासातून. इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली याने ऑगस्ट १७७१ मध्ये एक साधा प्रयोग केला. बंद भांड्यात मेणबत्ती जळून विझली की तिथली हवा ‘बिघडते’. त्या बिघडलेल्या हवेत त्याने पुदिन्याची एक डहाळी ठेवली. दहा दिवसांनी पाहिले तर तीत दुसरी मेणबत्ती पुन्हा छान जळू लागली. १७७९ साली यान इंगेनहाउस या डच वैद्याने दाखवून दिले की वनस्पती हे काम उजेडातच करते, आणि तेही तिचे हिरवे भागच करतात. प्राणी प्राणवायू घेतो आणि कर्बवायू सोडतो. हिरवे पान उजेडात नेमके त्याच्या उलट करते. दोघांचे असे देणेघेणे चालते, ही कल्पना तेव्हापासून रुजली.

पुढे १८२९ च्या सुमारास नाथानिएल वॉर्ड नावाच्या लंडनच्या एका डॉक्टरला असे दिसले की बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेच्याचे रोप आपोआप उगवून वाढते आहे. त्यावरून त्याने वनस्पतींसाठी काचेच्या बंद पेट्या केल्या. या पेट्या जहाजांवर चढल्या आणि त्यांतून झाडे जगभर फिरली. चीनमधून चहाची रोपे आपल्या हिंदुस्थानात आली तीही अशाच पेट्यांतून, १८५० च्या आगेमागे. १८४५ साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला आणि मध्यम वर्गालाही काच परवडू लागली. झाडे काचेत जगतात, मग मासे का जगू नयेत, असे कोणाच्याही मनात यावे असा तो काळ होता.

या कामात दोन स्त्रियांची नावे आदराने घेतली पाहिजेत. जान व्हिलप्रो-पॉवर ही फ्रेंच विदुषी सिसिली बेटावर राहत असे. १८३२ साली तिने समुद्रातल्या आर्गोनॉट या शिंपलेधारी प्राण्याचे निरीक्षण करण्यासाठी काचेचे हौद करवून घेतले. दुसरी अ‍ॅना थिन. तिने १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी लंडनला आणली. समुद्राचे पाणी रोज कोठून आणणार? तेव्हा घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात धार धरून ओतीत बसे. पाण्याला हवा लागली पाहिजे, हे त्या घराने हाताने शिकून घेतले होते.

आता आपल्या मुख्य गोष्टीकडे वळू. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. १८४१ साली लंडनची केमिकल सोसायटी स्थापन झाली, तीत त्याचा पुढाकार होता. औषधे तयार करणाऱ्यांच्या जुन्या मंडळाच्या प्रयोगशाळेत तो काम करी. १८४९ साली त्याने सुमारे ५४ लिटर पाणी मावेल असे काचेचे भांडे घेतले आणि ते निम्मे झऱ्याच्या पाण्याने भरले. तळाशी वाळू आणि चिखल घातला, काही दगड रचले, लांब पट्टीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. आणि मग दोन लहान सोनेरी मासे त्यात सोडले.

काही दिवस सारे सुरळीत चालले. पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर बुळबुळीत थर चढला. दुसरा एखादा असता तर त्याने पाणी बदलून टाकले असते. वॉरिंग्टनने तसे केले नाही. त्याने मनाशी विचार केला, की तळ्यात कुजलेली पाने उचलतो कोण? त्याने पाच-सहा पाणगोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी सडकी पाने आणि बुळबुळीत थर खाऊन फस्त केला. शिवाय त्यांची अंडी माशांच्या खाण्यात आली. पाणी निवळले आणि न बदलता तसेच राहिले. मार्च १८५० मध्ये त्याने ही हकीकत केमिकल सोसायटीपुढे मांडली. मासा, वनस्पती आणि गोगलगाय, असा तिघांचा समतोल साधला की काचेतले जग आपले आपण चालते, हे त्याचे सांगणे.

या प्रयोगातली एक लहानशी गोष्ट लक्षात ठेवा. त्याने तळाशी चिखल घातला होता. त्याच्या हिशेबी तो चिखल फक्त वनस्पतीची मुळे रोवण्यापुरता होता.

यानंतर जे झाले ते एखाद्या साथीसारखे झाले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे काचघर लोकांसाठी उघडले. त्याची जुळवाजुळव करणाऱ्यांत फिलिप हेन्री गॉस हा निसर्गलेखक होता. १८५४ साली त्याने या विषयावर पुस्तक काढले आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर पोचला. दिवाणखान्यात काचेची पेटी असणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरले. लोक समुद्रकिनाऱ्यावर जाऊन बरण्या भरभरून जीव आणू लागले. आणि ते जीव घरी आणून मारू लागले, असेच म्हणावयाचे, कारण बहुतेक पेट्यांचे पाणी लवकरच नासले. जॉन जॉर्ज वुड या लेखकाने १८६८ साली लिहून ठेवले आहे की ही लाट काही वर्षांतच ओसरली आणि दहांतल्या नऊ पेट्या अडगळीत गेल्या.

वॉरिंग्टनचे तर जमले होते, मग या लोकांचे का बिनसले? वनस्पती होती, गोगलगाई होत्या, उजेड होता. काय राहून गेले?

राहून गेले ते असे. तोवर सगळ्यांनी माशाच्या श्वासाचा विचार केला होता, त्याच्या विसर्जनाचा विचार पुरता कोणी केलेला नव्हता. प्रत्येक जीव खातो, आणि खाल्लेल्यातले नत्र शरीराबाहेर टाकतो. मासा ते मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. अमोनिया म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. कोंदट गोठ्यात सकाळी शिरल्यावर गोमुत्राचा जो उग्र दर्प डोळ्यांना झोंबतो, तोच तो. तळ्यात तो लगेच विरून जातो. पाच-दहा लिटरांच्या काचपेटीत तो साठत जातो. पाणी दिसायला आरशासारखे स्वच्छ, पण माशाचे कल्ले पोळत असतात. म्हणून तो वर येऊन तोंड उघडतो. लोकांना वाटते, त्याला हवा कमी पडली.

मग तळ्यातला अमोनिया जातो कोठे? याचे उत्तर काचपेटीच्या हौशी मंडळींनी शोधलेले नाही. ते मिळाले शेतात, खताच्या शोधात.

जुन्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीला लोणा लागतो, पांढरा फुलोरा येतो, हे आपण पाहतो. अशाच मातीतून पूर्वी सोरा काढीत. बिहारातला सोरा ईस्ट इंडिया कंपनी जहाजे भरभरून नेत असे, कारण बंदुकीची दारू सोऱ्यावाचून होत नाही. सोरा म्हणजे नायट्रेट, आणि पिकाची मुळे नत्र घेतात ते मुख्यतः याच रूपात. तेव्हा गुरांच्या मुतातला अमोनिया मातीत गेला की त्याचे नायट्रेट होते, एवढे लोकांना अनुभवाने ठाऊक होते. पण ते करते कोण? हवा करते, असे बहुतेक रसायनशास्त्रज्ञ समजत.

१८७७ साली पॅरिसमध्ये श्लोसिंग आणि म्युन्त्स या दोघांनी एक लांब काचेची नळी घेतली. तीत वाळू आणि थोडी चुनखडी भरली आणि वरून गटाराचे पाणी थेंबथेंब सोडायला सुरुवात केली. खाली येणाऱ्या पाण्यात अमोनिया जसाच्या तसा होता. एक दिवस गेला, आठवडा गेला, तरी काही फरक नाही. सुमारे २० दिवसांनंतर खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले, वाढत गेले, आणि शेवटी अमोनिया नाहीसा झाला. काम हवेचे असते तर ते पहिल्याच दिवशी झाले असते. हे २० दिवस कशाचे? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम थांबले. वाफ काढून घेतली, तरी काम सुरू होईना. मग थोडी बागेतली माती कालवलेले पाणी वरून घातले आणि काही दिवसांत नायट्रेट पुन्हा येऊ लागले.

आपल्या घरातल्या बायकांना हा प्रयोग एका शब्दात सांगता येईल. नळीला विरजण लागले! दूध आपोआप दही होत नाही, त्याला विरजण लागते आणि वेळ लागतो. तसेच हे. मातीतले जिवंत सूक्ष्मजंतू अमोनिया खाऊन त्याचे नायट्रेट करतात, आणि त्यांची वस्ती वाढायला दिवस जावे लागतात.

ही बातमी इंग्लंडात ज्याने उचलली त्याचे नाव ऐका. रॉबर्ट वॉरिंग्टन! होय, नाव तेच. काचपेटीवाल्या वॉरिंग्टनचा हा थोरला मुलगा. १८३८ साली जन्मलेला. बापाने सोनेरी मासे पाण्यात सोडले तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता आणि रसायनशास्त्राचे पहिले धडे त्याने बापाच्याच प्रयोगशाळेत घेतले होते. पुढे तो रॉथमस्टेड येथील शेतीच्या प्रयोगक्षेत्रावर काम करू लागला. १८४३ पासून तिथे खतांचे प्रयोग चालू होते. मुलाने पॅरिसचा प्रयोग आपल्या शेतातल्या मातीवर ताडून पाहिला, तो खरा ठरला. मग त्याने पुढचे पाऊल टाकले. त्याने दाखवून दिले की हे काम दोन टप्प्यांत होते. आधी अमोनियाचे नायट्राइट होते आणि मग नायट्राइटचे नायट्रेट. दोन्ही टप्प्यांचे कामकरी वेगळे. शिवाय उजेडात हे काम अडते, अंधारात बरे चालते.

पण ते कामकरी जंतू त्याला वेगळे करून दाखविता आले नाहीत. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो त्यांना पौष्टिक, चिकट खाद्यावर वाढवू पाहत होता, आणि ते वाढत नव्हते. १८९० साली झ्युरिकमध्ये विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने त्यांना नुसते क्षारांचे पाणी आणि अमोनिया दिला, आणि ते वाढले. ज्यांना आपण पक्वान्ने वाढीत होतो, त्यांचा उपास त्यामुळेच घडत होता.

आता पाहा. बापाने काचपेटीत चिखल घातला होता. त्या चिखलात हेच जंतू आले असले पाहिजेत. त्याच्या पेटीचे पाणी निवळ राहण्यात वनस्पती आणि गोगलगाई यांच्याबरोबर या न दिसणाऱ्या भागीदारांचा वाटा होता, असे आज आपण समजून घेऊ शकतो. बापाने तीन साथी मोजले, चौथा मोजायचा राहिला. तो चौथा मुलाने मातीत ओळखला. बाप मात्र १८६७ सालीच वारला होता.

मग १८९० नंतर तरी काचपेटीवाल्यांना हे समजायला हवे होते. तसे झाले नाही. शेतीचे शास्त्र शेतीच्या पत्रिकांत राहिले आणि हौशी लोकांची पुस्तके वनस्पती-प्राण्यांच्या समतोलाचा जुना पाठ गिरवीत राहिली. हाताने काम करणाऱ्यांना मात्र थोडे उमगले होते. विल्यम अल्फर्ड लॉइड या लंडनच्या दुकानदाराने १८६४ साली हॅम्बुर्गला आणि १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठी मत्स्यालये उभी केली. क्रिस्टल पॅलेसच्या पेट्यांखाली त्याने प्रचंड मोठा अंधारा हौद बांधला आणि पाणी सतत खाली-वर फिरते ठेवले. जुने, फिरते पाणी नव्यापेक्षा चांगले, हे त्याला अनुभवाने पटले होते. त्या अंधाऱ्या हौदाच्या भिंतींवर कोण राबत होते, हे त्याला ठाऊक असायचे कारण नव्हते.

१९४९ साली अमेरिकेत जेम्स अ‍ॅट्झ यांनी त्या जुन्या समतोलाच्या कल्पनेवरच लेख लिहिला. माशाला लागणारा प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागावाटे हवेतूनच येतो, वनस्पतींचा त्यातला वाटा लोक समजतात त्याहून बराच कमी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतरच्या काळात खड्यांमधून आणि स्पंजमधून पाणी खेळवणाऱ्या गाळण्या सर्वत्र आल्या. गाळणी कचरा अडवते हे तिचे लहान काम. नत्राच्या जंतूंना राहायला जागा देते हे मोठे. आपल्याकडे १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि मराठी मुलांच्या पिढ्यांनी काचेमागचे मासे प्रथम पाहिले ते तिथे.

शोध अजून संपलेला नाही. गोड्या पाण्याच्या काचपेट्यांत नायट्राइटचे काम विनोग्राड्स्कीच्या काळापासून मानलेला जंतू नव्हे, तर नायट्रोस्पायरा नावाचा दुसराच जंतू करतो, असे १९९८ साली दिसून आले. आणि २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जंतू सापडला. त्याचा एक नमुना मासे वाढवण्याच्या केंद्रातल्या गाळणीतूनच मिळाला होता.

आता पुन्हा आपल्या घरातल्या काचपेटीकडे येऊ. नवी पेटी म्हणजे विरजण न लागलेले दूध. खडे धुतलेले, काच पुसलेली, पाणी नळाचे. जंतूंना शिरकाव कोठून मिळणार? अशा पेटीत एकदम सहा मासे सोडले तर त्यांच्या मलमूत्राची वाट लावणारे त्या घरात कोणी नसते. पहिल्या आठवड्यात अमोनिया चढतो. त्यावर जगणारे जंतू वाढू लागले की नायट्राइट चढते. तेही विषारीच, त्याने माशाचे रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही तो त्याला मिळत नाही. दुसऱ्या तऱ्हेचे जंतू वाढले म्हणजे मग नायट्रेट होते. ते थोडे असले तर मासा सोसतो, आणि वनस्पती ते खत म्हणून घेते. हे सारे व्हायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. पॅरिसच्या नळीचे ते २० दिवस आठवतात ना? तोच हिशेब.

म्हणून शाळेत किंवा घरी पेटी मांडायची झाली तर इतके करावे. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो; पाणी पसरट भांड्यात एक-दोन दिवस उघडे ठेवावे म्हणजे तो उडून जातो. पेटीत खडे आणि पाणवनस्पती लावाव्यात. कोणाची जुनी, निरोगी पेटी असेल तर तिच्या तळचे मूठभर खडे किंवा तिच्या गाळणीचा थोडा स्पंज मागून आणावा. हे आपले विरजण. रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकावी, म्हणजे ती कुजून अमोनिया तयार होईल आणि जंतूंना शिधा मिळेल. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे साधे संच मत्स्यसामानाच्या दुकानांत मिळतात. दोन्ही चढून पुन्हा शून्यावर आले की घर तयार झाले.

मग पहिला मासा आणावा. एक किंवा दोनच, आणि काटक जातीचे. आरोग्य खात्याचे लोक डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदात सोडतात ते गप्पी मासे याला उत्तम. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग तीत पेटीचे पाणी थोडे थोडे घालावे आणि शेवटी मासा जाळीने अलगद सोडावा. शेततळ्यात मत्स्यबीज सोडणारा शेतकरी नेमके हेच करतो. तो आधी चुना आणि शेण टाकून, पाण्याला हिरवट रंग येईपर्यंत थांबतो, आणि बोटुकली सोडतानाही पिशवी आधी तळ्यावर तरंगू देतो. तिथे हिरवट पाणी हे मुख्यतः माशांच्या खाण्यासाठी असते, एवढाच फरक. पण धीर तोच. पेटीतल्या पहिल्या माशाला खाणे चिमटीभर द्यावे. पुढचे मासे आठवड्याच्या अंतराने, एकदोन असे वाढवावे.

आणखी एक. दिवाळीच्या साफसफाईत काही घरांत काचपेटी पुरती रिकामी करून, खडे आणि स्पंज नळाखाली खसखसून धुतले जातात. दोन वर्षे जगलेले मासे मग चार दिवसांत जातात. कारण आता तुम्हीच सांगाल. पाण्याबरोबर त्या घरातले जुने कामकरीही मोरीत गेले. पाणी एका वेळी पाव-तृतीयांश बदलावे आणि स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. मासा आणायच्या आधीचे ते तीन-चार आठवडे रिकामी पेटी पाहून मुले कंटाळतील, विचारतील, ‘गुरुजी, यात काहीच नाही, मग वाट कशाची बघायची?’ तेव्हा त्यांना दोन्ही वॉरिंग्टनांची गोष्ट सांगावी. त्या रिकाम्या दिसणाऱ्या पाण्यात तेच काम चालू असते जे आपल्या शेणखताच्या उकिरड्यात आणि नांगरलेल्या रानात चालते, आणि ज्याच्यावर ज्वारीचे कणीस भरते. ते काम सुरू झाल्यावर सोडलेला मासा जगतो. मुलाच्या हातून सुटलेला पहिला जीव डोळ्यांदेखत मरू नये, यासाठी महिनाभर थांबणे काही फार नव्हे.